साब्रा मोटारीचे इंजिन : त्याचे गुण, त्याचा भरवसा व त्याची निगा

इस्राएलमध्ये बांधल्या गेलेल्या मोटारींचा विषय निघाला, की पहिली गोष्ट निघते ती उंटांची. फायबरग्लासच्या अंगाची 'सुसिता' उन्हात उभी करून मालक कामास गेला आणि परत येऊन पाहतो तो उंटाने गाडीचा एक कोपरा फस्त केलेला! ही दंतकथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. बेर्शेबा व दिमोना येथील मंडळी तर ती अधिक रंगवून सांगतात. परंतु हसण्यावारी नेलेल्या या मोटारींच्या कुटुंबात एक खरीखुरी स्पोर्ट्स मोटारही जन्मास आली होती, हे आजच्या तरुणांस क्वचितच ठाऊक असते. तिचे नाव 'साब्रा'. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्या रूपाविषयी थोडे व तिच्या इंजिनाविषयी अधिक लिहिणार आहोत. रूप छायाचित्रांतून टिकते; इंजिन मात्र माणसाच्या हातांतून टिकते, आणि असे हात आता कमी होत चालले आहेत.

आमच्या वार्तापत्रात यंत्राविषयी लेख कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की हा विषय आपल्या घरचाच आहे. मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपांत, गिरण्यांत व गोदीत आपल्या समाजाच्या कितीतरी माणसांनी आयुष्य घालविले. आलिया करून येथे आल्यावर त्याच माणसांनी मुसाखांमध्ये, बसगाड्यांच्या आगारांत आणि लोदच्या विमान-कारखान्यात हातात पाना धरला. हिब्रू भाषा येण्याआधी त्यांस इंजिनाची भाषा येत होती.

साब्राचा जन्म

हैफा येथे यित्झाक शुबिन्स्की यांनी 'ऑटोकार्स' ही कंपनी काढली ती १९५० च्या दशकात. पोलादी पत्र्याची मोटार बांधावयाची तर प्रचंड दाबयंत्रे व महागडे साचे लागतात. नवजात देशास ते परवडणारे नव्हते. फायबरग्लासचे अंग मात्र साध्या साच्यात, काचतंतूंच्या थरांवर राळ लावून, हातांनी घडविता येते. इंग्लंडातील टॅमवर्थ येथील 'रिलायंट' कंपनीस या कामाचा चांगला अनुभव होता. तिच्याशी हातमिळवणी होऊन सुसिता निघाली. किनेरेतच्या पूर्वेस ज्या टेकडीवर प्राचीन नगराचे अवशेष आहेत तिचे हे नाव. हिब्रूत 'सूस' म्हणजे घोडा, तेव्हा गाडीस ते शोभलेही.

अमेरिकेतील बाजारपेठेवर शुबिन्स्की यांचा डोळा होता, आणि तेथे छोट्या युरोपीय स्पोर्ट्स मोटारींस त्या काळी मोठी मागणी होती. त्यांनी 'अ‍ॅश्ली' या छोट्या इंग्रज कंपनीचे फायबरग्लासचे अंग व लेस्ली बॅलमी यांनी आखलेली चासी यांचे हक्क घेतले आणि दोहोंचा मेळ घालण्याचे काम रिलायंटकडे सोपविले. १९६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही मोटार मांडण्यात आली. पहिल्या गाड्या इंग्लंडमध्येच बांधल्या गेल्या. इंग्लंडात हीच मोटार 'रिलायंट सेबर' या नावाने विकली गेली. एकंदर उत्पादन काही शेकड्यांपलीकडे गेले नाही, आणि साठीच्या दशकातच ते थांबले.

बॉनेटवर चिन्ह होते फड्या निवडुंगाचे. वरून काटेरी व आतून गोड अशा या फळावरूनच या भूमीत जन्मलेल्यास 'साब्रा' म्हणतात, हे वाचकांस सांगणे नको.

इंजिनाची घडण

परंतु या निवडुंगाच्या आत जे हृदय होते ते इंग्रजी होते. ते इंजिन इंग्लंडच्या फोर्ड कंपनीने आपल्या 'कॉन्सल' या चार दारांच्या कौटुंबिक गाडीसाठी बनविले होते. चार सिलिंडर एका ओळीत. प्रत्येकाचा व्यास ८२.५५ मिलिमीटर, आणि पिस्टनची धाव ७९.५ मिलिमीटर. चारही मिळून १७०३ सी.सी. ब्लॉक व हेड दोन्ही बिडाची. व्हॉल्व्ह हेडमध्ये, आणि ते उघडणारा कॅमशाफ्ट मात्र खाली ब्लॉकच्या कुशीत. दोहोंमध्ये टॅपेट, पुशरॉड व रॉकर. क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगांवर फिरतो. कौटुंबिक गाडीत या इंजिनाची शक्ती साठ अश्वशक्तीच्या आसपास होती.

व्यास धावेपेक्षा मोठा, ही या घडणीतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. इंग्लंडात १९४७-४८ पर्यंत मोटारीवरील कर सिलिंडराच्या व्यासावरून आकारला जाई. साहजिकच कारखानदार व्यास लहान ठेवीत व धाव लांब करीत. फोर्डचेच जुने ११७२ सी.सी.चे इंजिन पाहा : व्यास ६३.५ मिलिमीटर आणि धाव ९२.५ मिलिमीटर. ते मिनिटास ४००० फेरे घेऊ लागले, की त्याच्या पिस्टनला एका मिनिटात ७४० मीटर अंतर वरखाली धावावे लागते. कॉन्सलच्या पिस्टनला तेवढ्याच फेऱ्यांत ६३६ मीटर पुरतात. जेथे घासणे कमी तेथे झीज कमी. कर बदलला, म्हणून इंजिनास मोकळा श्वास मिळाला. सरकारी कायद्याच्या एका कलमाचा परिणाम असा लोखंडावर उमटलेला दिसतो.

पुढे १९६२ मध्ये रिलायंटने याच मोटारीत सहा सिलिंडरांचे इंजिन बसविले. ते फोर्ड 'झेफिर' गाडीचे होते व २५५३ सी.सी.चे होते. १७०३ ला चाराने भागा आणि २५५३ ला सहाने भागा. उत्तर दोन्हीकडे जवळजवळ तेच येईल, कारण सिलिंडर तोच आहे. तोच व्यास, तीच धाव. दोन इंजिनांस एकच पिस्टन चालावा, ही फोर्डची काटकसर पुढील काळात साब्राच्या मालकांस वरदान ठरली.

भरवसा कशामुळे

स्पोर्ट्स मोटारीस कुटुंबवत्सल इंजिन, याची त्या काळी थट्टा झाली. आमच्या मते ती थट्टा अस्थानी होती. १९५८ साली इंग्लंडातच 'एम.जी.ए. ट्विन कॅम' ही स्पोर्ट्स मोटार निघाली. १५८८ सी.सी., हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट, १०८ अश्वशक्ती, दाबाचे प्रमाण ९.९ ला १. कागदावर तिच्यापुढे साब्रा गरीब बिचारी ठरते. परंतु ट्विन कॅमच्या पिस्टनांस भोके पडू लागली. पेट्रोल किंचित हलक्या दर्जाचे असले, ठिणगी क्षणभर आधी पडली किंवा कार्बोरेटर कंप पावून मिश्रण पातळ झाले, तरी ते इंजिन क्षमा करीत नसे. १९६० मध्ये, २१११ गाड्या झाल्यावर, तिचे उत्पादन थांबले.

कॉन्सलचे इंजिन याच्या अगदी उलट स्वभावाचे. त्याच्याकडून मागितलेली शक्ती त्याच्या ताकदीच्या मानाने माफक होती. दाबाचे प्रमाण आठाच्याही खाली असल्याने साधे पेट्रोल त्यास पुरे. मूळ गाडी जड, साब्रा हलकी. म्हणजे बैल तोच, पण गाडीतील ओझे उतरविलेले. शिवाय कॉन्सलमध्ये तीनच गिअर होते, साब्रास जर्मन 'झेड.एफ.' कंपनीचा चार गिअरांचा बॉक्स मिळाला, त्यामुळे चढावर इंजिनास कुंथत चालावे लागत नाही.

ज्यांनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी 'फियाट', म्हणजे पुढची 'पद्मिनी', हाताळली आहे, त्यांस हे सारे ओळखीचे वाटेल. तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे, परंतु घडण याच जातीची : पुशरॉड, रॉकर, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. पद्मिनीची टॅपेट ज्याने बसविली आहे त्यास साब्राचे बॉनेट उघडल्यावर परके वाटणार नाही.

भरवसा म्हणजे यंत्र कधीच बिघडत नाही असे नव्हे. यंत्र बिघडण्यापूर्वी सूचना देते, ती सूचना माणसास समजते, आणि दुरुस्ती दोन हात व थोड्या हत्यारांनी होते, याचे नाव भरवसा. या कसोटीवर साब्राचे इंजिन उतरते. आता त्याची निगा कशी राखावी ते पाहू.

तेल

आपल्या पूर्वजांस कोकणात 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते तेली. तेलाचे महत्त्व निदान आपणांस तरी कोणी शिकवावे लागू नये!

इंजिनात तेल चार कामे करते : घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्यात सामावून घेते, आणि रिंगा व सिलिंडर यांमधील फट बंद राखते. काळे पडलेले तेल आपले काम केलेले तेल असते. दोष असतो तो ते वेळेवर न बदलणाऱ्याचा. ४००० ते ५००० किलोमीटर चाल झाली की, किंवा चाल कमी असली तरी वर्षातून एकदा, तेल व फिल्टर बदलावेत. इंजिन चांगले गरम असताना जुने तेल सोडावे, म्हणजे तळाचा गाळही त्याबरोबर येतो. आपल्या हवामानात २० डब्ल्यू ५० प्रतीचे तेल योग्य.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आजच्या गाड्यांसाठी निघणाऱ्या पुष्कळशा तेलांत जस्त व फॉस्फरसयुक्त रसायनाचे प्रमाण कमी केलेले असते, कारण त्याने धुराड्यातील शुद्धीकरण-यंत्र बिघडते. साब्रासारख्या जुन्या इंजिनात कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि त्यास याच रसायनाचे संरक्षण लागते. म्हणून जुन्या मोटारींसाठी म्हणून विकले जाणारे तेलच घ्यावे. महाग तेल म्हणजे योग्य तेल असे नव्हे.

आणखी एक. शब्बाथचा विश्राम माणसास पथ्यकर आहे, परंतु महिनोन्‌महिने विश्राम इंजिनास विष आहे. काही मालक दर आठवड्यास पाच मिनिटे इंजिन जागीच चालवून बंद करतात व कर्तव्य केले असे समजतात. एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही. जळलेल्या पेट्रोलातील पाण्याची वाफ आत थंड होऊन तेलात उतरते आणि आम्लांशी मिळून बेअरिंगे खाते. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी रस्त्यावर अर्धा तास चालवावी. ते जमत नसेल तर ती मुळीच सुरू करू नये.

पाणी व उष्णता

यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, आणि मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या चारशेहून अधिक मीटर खाली. म्हणजे काठावरून शहराकडे परतताना गाडीस बाराशे मीटरांहून अधिक चढावे लागते, आणि तेही उन्हाळ्यात. इंग्लंडच्या ढगाळ हवेत जन्मलेल्या इंजिनाची याहून कठीण परीक्षा कोणती?

ही परीक्षा रेडिएटरवर ठरते. आपल्या देशातील नळाचे पाणी जड आहे. केटलीत जसा पांढरा थर साठतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व ब्लॉकच्या पोटात साठतो, आणि बिडाचा गंज त्यात भर घालतो. म्हणून नळाचे पाणी कधीही घालू नये. क्षारविरहित पाण्यात गोठणरोधक द्रव मिसळून तेच घालावे. येथे बर्फ कोठे पडते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्या द्रवाचे आपल्याकडील काम गंज रोखणे हे आहे. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही थोडा वाढतो. दर दोन वर्षांनी तो बदलावा. त्यासाठी पेसाहापूर्वीचे दिवस उत्तम : घराची साफसफाई चालूच असते, आणि उन्हाळा दाराशी आलेला असतो.

गरम देशातील मिस्त्रींची एक जुनी सवय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. 'अडथळा गेला, पाणी मोकळे वाहील' हा त्यामागील विचार. परिणाम असा होतो, की इंजिन तापण्यास फार वेळ लागतो, तोवर मिश्रण श्रीमंत राहते, पेट्रोल सिलिंडराच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट आपल्या जागी असू द्यावा. तो उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकून पाहावा. उघडला तर ठीक, न उघडला तर नवा आणावा. रेडिएटरच्या झाकणाची रबरी चकती, पाण्याचे पाइप व फॅन बेल्ट हे प्रत्येक उन्हाळ्यापूर्वी हाताने चाचपून पाहावेत. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे घरातील मुलांसही सांगून ठेवावे.

भर उन्हात गाडी थांबली व पुन्हा सुरू होईना, तर दोष प्रायः पेट्रोलच्या नळीत असतो. इंजिनाच्या उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंपास द्रव मिळत नाही. बॉनेट उघडून धीर धरावा, नळीवर ओले फडके ठेवावे; निवले की गाडी चालू लागते. नळी गरम भागापासून दूर बांधणे हा कायमचा उपाय.

ठिणगी, आणि फायबरग्लासचा एक दोष

मिनिटास ४००० फेरे होत असताना चार सिलिंडरांच्या या इंजिनास मिनिटात ८००० ठिणग्या लागतात. त्या सर्व डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांच्या एका इवल्या जोडीतून येतात. पॉइंट जळून खडबडीत झाले, त्यांतील फट बदलली किंवा कंडेन्सर निकामी झाला, की इंजिन 'मिसिंग' करू लागते. फट फिलर गेजने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकीच ठेवावी, आणि फट बसविल्यावरच टायमिंग पाहावे. क्रम उलटा केला तर दोन्ही कामे वाया जातात. प्लगच्या तारा काढल्या तर बसविताना ठिणगीचा क्रम १-२-४-३ असा आहे हे ध्यानात ठेवावे. प्लगचे तोंड फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे पडले असेल तर मिश्रण पातळ आहे व उष्णता वाढते आहे.

आता साब्राच्या खास दुखण्याकडे वळू. पोलादी गाडीत विजेची एक तार दिव्यापर्यंत वा उपकरणापर्यंत नेली, की परतीचा मार्ग गाडीचे अंगच पुरविते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. तेव्हा साब्रात प्रत्येक उपकरणास चासीपर्यंत परतीची वेगळी तार, म्हणजे अर्थिंग, लागते. साठ वर्षांत या तारांची टोके गंजतात, स्क्रू सैल होतात. मग काटा खोटे तापमान दाखवितो, स्टार्टर कण्हतो, दिवे मंद होतात, आणि मालक निष्कारण नवी बॅटरी, नवा डायनामो, कधी कधी नवा कार्बोरेटरही आणतो. दोष असतो वीतभर तारेत. म्हणून कोणतेही यंत्र खोलण्यापूर्वी अर्थिंगची प्रत्येक जोड सोडावी, काचकागदाने उजळावी व घट्ट बसवावी. विशेषतः इंजिन व चासी यांना जोडणारी जाड पट्टी विसरू नये, कारण इंजिन रबरी आधारांवर बसलेले असते. सुक्कोथनंतर पावसाळा सुरू होण्यापूर्वी हे काम करून ठेवावे.

पेट्रोल व व्हॉल्व्ह

हे इंजिन घडले त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. ते संयुग जळून त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसे आणि तापलेला व्हॉल्व्ह व बिडाची बैठक यांमध्ये उशीसारखे काम करी. शिसे मानवी आरोग्यास, विशेषतः बालकांच्या मेंदूस, घातक असल्याने ते काढून टाकले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु उशी गेल्यामुळे जोराने चालविलेल्या जुन्या इंजिनात बैठक हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट बुजत जाते. फट पूर्ण बुजली, की व्हॉल्व्ह बंद होत नाही व जळतो.

याचा अर्थ असा, की टॅपेट जर वारंवार आवळलेली सापडू लागली, तर ती बैठक खचत असल्याची खूण आहे. टॅपेटचा हलका टकटक आवाज अनेकांस खटकतो. जुने मिस्त्री मात्र म्हणत, की बोलणारे टॅपेट बरे, मुके टॅपेट वाईट. बोलणाऱ्यात फट आहे, मुक्यात कदाचित ती उरलेली नाही. कायमचा उपाय असा, की पुढील वेळी हेड उतरेल तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. केवळ त्यासाठी सुस्थितीतील इंजिन उघडण्याची घाई करू नये. आज मिळणारे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल या कमी दाबाच्या इंजिनास पुरेसे आहे. ९८ वर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

इंजिनाची शक्ती कमी झाल्यासारखी वाटली, तर खोलण्यापूर्वी दाब मोजावा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडराचा आकडा टिपावा. चारही एकमेकांच्या जवळ असतील तर निश्चिंत असावे. एखादा फारच कमी आला, तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर व्हॉल्व्हचा अथवा हेड गॅसकेटचा. चमचाभर तेल जे सांगते ते कधी कधी मोठा खर्च करूनही कळत नाही. धुराचेही असेच : निळा धूर तेलाचा, काळा जादा पेट्रोलचा, आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर पाण्याचा.

इंजिन बदलावे काय?

आता एका वादाच्या प्रश्नाकडे येतो. साब्रा आज दुर्मीळ आहे. जेथे ती सापडते तेथे पुष्कळदा मूळ इंजिन जाऊन त्या जागी नव्या काळातील दुसरे इंजिन बसविलेले आढळते. काही मालक म्हणतात, की कॉन्सलचे इंजिन काही इस्राएली नव्हे. ते राहिले काय नि गेले काय, गाडी साब्राच.

आमचे मत निराळे आहे. इंजिन इंग्रज होते म्हणून ते साब्राचे नव्हते, हा युक्तिवाद आपल्या समाजाने तरी मान्य करू नये. ही मोटार बनत होती त्याच वर्षांत आपल्या माणसांच्या विवाहांविषयी शंका काढून, तुम्ही पुरते येथले आहात काय, असा प्रश्न आपणांस विचारला जात होता. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असे स्पष्ट केले, तेव्हा त्या प्रकरणावर पडदा पडू लागला. कोण कोठून आला यापेक्षा तो कोणत्या घराचा भार वाहतो, हे पाहावे. ज्या इंजिनाने हे अंग ओढले, ते त्या मोटारीचे आहे.

व्यावहारिक कारणही आहे. कॉन्सल व झेफिर या गाड्या फार मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅसकेट इत्यादी भाग इंग्लंडमधील जुन्या फोर्ड-प्रेमींच्या मंडळांकडून व व्यापाऱ्यांकडून अजून मिळविता येतात. अन्य इंजिन बसविले, तर आधार, गिअरबॉक्स, रेडिएटर, तारा सर्वच बदलावे लागते, आणि प्रत्येक बदल नव्या दोषास आमंत्रण देतो. आपल्या देशात तीस वर्षांहून जुन्या मोटारीस संग्राहक-वाहन म्हणून नोंदण्याची सोय आहे. अशा मोटारीचे मोल तिच्या मूळपणात असते. मूळ इंजिन निकामी झाले असेल तर त्याच जातीचे इंजिन शोधावे, आणि जुन्याचा ब्लॉक, त्यावरील क्रमांकासह, जपून ठेवावा.

त्याबरोबरच एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस तेल बदलले, दाब किती आला, कोणता भाग कोठून आणला, सर्व त्यात लिहावे. दाबाचा आजचा आकडा एकटा फारसे बोलत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवला म्हणजे बोलू लागतो.

कारखाना गेला, काम उरले

ऑटोकार्स कंपनी १९७० च्या दशकात बुडाली. तिचा वारसा चालविणारे उत्पादनही ऐंशीच्या दशकाच्या आरंभी थांबले. रिलायंटनेही या शतकाच्या प्रारंभी मोटारी बांधणे सोडले. फोर्डने कॉन्सलचे हे इंजिन कधीच मागे टाकले. म्हणजे साब्राला आज आई-बाप कोणी उरलेले नाही. ती ज्यांच्या हाती आहे तेच तिचे पालक.

पुस्तिका मिळतात, सुटे भाग मिळतात. परंतु टॅपेटचा कोणता आवाज चांगला व कोणता वाईट, नट किती आवळला म्हणजे पुरे आणि कोठे आणखी अर्धा फेरा दिला तर तो तुटेल, हे छापून मिळत नाही. ते ज्ञान आपल्या समाजातील ज्येष्ठ फिटरांच्या कानांत व मनगटांत आहे. अश्दोद, लोद, रामला, बेर्शेबा, दिमोना, किर्यात गात, ज्या गावी पाहावे तेथे असे एखादे आजोबा सापडतील. त्यांची मुले संगणकावर काम करतात, आणि त्यांच्या हत्यारांची पेटी माळ्यावर धूळ खात पडलेली आहे.

आमच्या तरुण वाचकांस आमची विनंती एवढीच, की जुन्या मोटारीचा छंद असो वा नसो, एकदा ती पेटी खाली उतरवून घ्या. आजोबांस शेजारी बसवून कोणत्याही पुशरॉडच्या इंजिनाची टॅपेट त्यांच्या देखरेखीखाली बसवा, आणि तो आवाज त्यांच्याबरोबर ऐका. पहिल्या खेपेस फट चुकेल, दुसऱ्या खेपेस ते हात धरून दाखवितील. फिलर गेजचे पाते किती अडखळत सरकले पाहिजे हे बोटांस एकदा कळले, की ते विसरत नाही.